आजीची पाऊणकी

जुहूच्या मोरागावात आमची आजी कोळंबी विकते. घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, म्हणून सुट्टीत हिशेब माझ्याकडे. एका बाईंनी पाऊण किलो मागितली. भाव ३६० रुपये. मी ३६० गुणिले ३/४ मांडले. अंशाने गुणून १०८० पर्यंत पोहोचतो तोच आजी म्हणाली, "अर्ध्याचे १८०, त्याच्या निम्मे ९०. दोनशे सत्तर झाले, बाई."

माझी चांगलीच फजिती झाली. खरे सांगायचे तर नियम पाठ होता, पण गुणूनही संख्या कमी का होते हे शाळेपासून उमगले नव्हते. गुणाकार म्हणजे वाढ, हीच समजूत! वास्तविक छेद किती वाटे करायचे ते सांगतो आणि अंश त्यांतले किती उचलायचे ते. ३६० चे चार वाटे नव्वदाचे. त्यांतले तीन घ्या. जन्मभर मासळीचे वाटे लावणारीला हे कोण शिकवणार?

पूर्वी मराठी शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, इतकेच काय, साडेतीनची औटकीही घोकून घेत. तेव्हा रुपयाचे सोळा आणे होते. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. आजी शाळेत गेली नाही. भावांचे घोकणे ऐकूनच शिकली.

काल तिने विचारले, "सतरा पाऊणे?"

"पावणेतेरा," मी म्हणालो. कागद घेतला नव्हता.