घारीची नजर, पेंग्विनची पिल्लं

मैत्रिणींनो, भोर-वेल्ह्यात कोंबडीची पिल्लं अंगणात सोडली की आपलं एक लक्ष आभाळातल्या घारीकडे असतं. तीच नजर अंटार्क्टिकात कामी येते. तिथं पेंग्विनच्या वसाहतींसमोर कॅमेरे रोवलेत, फोटो ढीगभर. ते तपासायला ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2014 साली ‘पेंग्विन वॉच’ सुरू केलं. इंटरनेटवर फोटो उघडायचा, मोठे पेंग्विन, पिल्लं, अंडी यांवर खूण करायची.

हनुवटीखाली बारीक काळी रेघ, तो चिनस्ट्रॅप. डोळ्यावर पांढरा डाग, चोच नारिंगी, तो जेंटू. पायाशी करडं, लवदार दिसतं ते पिल्लू. त्याला बापही सांभाळतो बरं का! मधेच तपकिरी, घारीसारखा पक्षी दिसला तर तो स्कुआ, अंडी-पिल्लं पळवणारा. त्याचीही वेगळी नोंद होते. एकच फोटो अनेकजणी बघतात, म्हणून एखादीचं चुकलं तरी हिशेब बिघडत नाही. किती पिल्लं जगली त्यावरून समुद्रात त्यांना खाणं पुरतंय का, याचा अंदाज येतो.