सुया, तुंबडी आणि दवणा : चिनी उपचारांबद्दल पालकांशी थोडं बोलू या



मागच्या पालकसभेत सगळ्यांच्या सह्या झाल्या आणि निघता निघता एका आईने मला बाजूला घेतलं. "मॅडम, पोरीचं डोकं सारखं दुखते. इथेच मनीषनगरात कोणी चिनी सुया लावतात म्हणे. न्यावं का? सांगा बरं." मी विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. तरी हा प्रश्न मला वर्षातून दोन-तीनदा तरी येतोच. कधी पाठदुखीसाठी, कधी आजीच्या गुडघ्यांसाठी, कधी मुलाच्या अभ्यासात लक्ष लागावं म्हणून. एका वाक्यात उत्तर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

सुरुवात आपल्या घरापासूनच करू. १९३८ साली जपानने चीनवर आक्रमण केलेलं होतं आणि काँग्रेसने तिकडे पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याला माहीत असतात, कारण व्ही. शांतारामांचा १९४६ चा चित्रपट. पण त्याच पाच जणांत डॉ. चोळकर होते, आणि ते आपल्या नागपूरचे! वर्गात हे सांगितलं की मुलं चटकन सरळ होऊन बसतात. बाकीचे तिघे म्हणजे अलाहाबादचे डॉ. अटल आणि कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. कोटणीसांचं नाव काही अ‍ॅक्युपंक्चर दवाखान्यांना दिलेलं दिसतं, म्हणून लोकांना वाटतं की ते सुयांचे तज्ज्ञ होते. ते शल्यचिकित्सक होते. आघाडीवरच्या जखमी सैनिकांवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, फेफऱ्याच्या झटक्यांनी ते तिथेच गेले. सुयांची विद्या भारतात आणली ती त्यांचे सहकारी डॉ. बिजयकुमार बसू यांनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला गेले, तिथे शिकले आणि परत येऊन कोलकात्यात उपचार सुरू केले. त्या कामाशी कोटणीसांचं नाव जोडलं गेलं ते मित्राच्या स्मरणार्थ.

आता हे अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे नेमकं काय? जुनी चिनी कल्पना अशी की शरीरात 'ची' नावाची प्राणशक्ती वाहते. तिचे बारा मुख्य मार्ग आहेत. प्रवाह कुठे अडला की दुखणं येतं, आणि त्या मार्गांवरच्या ठरावीक बिंदूंवर सुई टोचली की तो मोकळा होतो. असे ३६१ बिंदू प्रमाण मानले जातात. आपल्याकडच्या प्राण आणि नाड्या आठवल्या ना? कल्पना बरीच जवळची आहे. सुई मात्र इंजेक्शनच्या सुईसारखी नसते. ती भरीव, केसाहून थोडी जाड, साधारण पाव मिलिमीटरची. त्यातून औषध जात नाही.

शवविच्छेदनात हे मार्ग कुणाला सापडलेले नाहीत. रक्तवाहिनी दाखवता येते, मज्जातंतू दाखवता येतो, 'ची'चा मार्ग दाखवता येत नाही. मग सगळं थोतांड म्हणायचं का? तिथेच थांबा. कारण समजावण्यात चूक असली तरी परिणाम खरा असू शकतो. सुई टोचल्यावर मज्जातंतू उत्तेजित होतात आणि मेंदू स्वतःची वेदनाशामकं, म्हणजे एंडॉर्फिन, सोडतो, हे आधुनिक स्पष्टीकरण बऱ्याच संशोधकांना पटतं.

परिणाम होतो का, हे तपासायचं कसं? हा भाग मला शिक्षक म्हणून सगळ्यात आवडतो. जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. रुग्णांचे तीन गट केले. एका गटाला नियमाप्रमाणे सुया. दुसऱ्याला मुद्दाम चुकीच्या जागी, अगदी वरवर टोचलेल्या सुया. तिसऱ्याला नेहमीची औषधं आणि व्यायाम. सहा महिन्यांनी पहिल्या गटातल्या शंभरातल्या सुमारे ४८ जणांना बरं वाटत होतं. तिसऱ्या गटातल्या २७ जणांना. आणि चुकीच्या जागी टोचलेल्यांत? ४४!

हे आकडे फळ्यावर लिहा आणि मुलांना विचारा, यातून काय कळतं? एक जण म्हणेल सुया चालतात. दुसरा म्हणेल बिंदू खोटे. दोघांचंही बरोबर आहे. सुयांनी फायदा झाला, पण नेमकी जागा फारशी महत्त्वाची ठरली नाही. टोचण्याचा परिणाम, अर्धा तास शांत पडून राहणं, आपलं दुखणं कुणीतरी नीट ऐकून घेणं, बरं वाटेल ही आशा, हे सगळं त्या ४४ मध्ये आहे. (आपल्या ओपीडीत डॉक्टरांना दोन मिनिटांहून जास्त वेळ मिळाला, तर तिसऱ्या गटाचा आकडाही वाढला असता, असं मला आपलं वाटतं.) मायग्रेनबाबत पुरावा जरा बरा आहे. झटक्यांची संख्या कमी होते असं दिसतं, पण त्या चाचण्या मोठ्या माणसांवरच्या आहेत, सातवीतल्या मुलीवरच्या नाहीत.

तुंबडीचंही तसंच. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये मायकेल फेल्प्सच्या खांद्यावर लालजांभळे गोल डाग दिसले आणि एकदम 'कपिंग'ची फॅशन आली. आपल्या गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा, तुंबड्या लावणारे वैदू त्यांनी पाहिलेले असतात. डाग म्हणजे कातडीखाली फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या, बाहेर आलेलं 'विष' नव्हे.

चिनी वैद्यकाने जगाला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र सुई नाही, एक पानवनस्पती आहे. १९६९ पासून तू योयो नावाच्या संशोधिका मलेरियावर औषध शोधत होत्या. जुने ग्रंथ चाळताना त्यांना सुमारे १६०० वर्षांपूर्वीच्या एका वैद्याची नोंद सापडली. एक झुडूप पाण्यात भिजवून, पिळून रस प्यावा, असं तिथे होतं. उकळावं असं नव्हतं! त्यांच्या लक्षात आलं की उष्णतेने गुण नष्ट होत असावा. त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरून अर्क काढला, प्राण्यांवर तपासला, मग स्वतः घेऊन पाहिला. तेच आर्टेमिसिनिन. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ते झुडूप म्हणजे चैत्रात आपण देवाला वाहतो त्या दवण्याचं भावंड, एकाच कुळातलं. आणि आपल्या गडचिरोलीत फॅल्सिपेरम मलेरियाच्या रुग्णाला ज्या गोळ्या देतात, त्यांत याच औषधाचा अंश असतो. ग्रंथात लिहिलंय म्हणून ते स्वीकारलं गेलं नाही. तपासलं, त्यातून नेमकं द्रव्य वेगळं काढलं, मात्रा ठरवली, मग स्वीकारलं.

उलट उदाहरणही आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्याच्या गोळ्यांत एका चिनी वनस्पतीऐवजी भलतीच विषारी वनस्पती गेली. शंभराहून अधिक बायकांची मूत्रपिंडं खराब झाली. म्हणून 'नैसर्गिक आहे, काही होत नाही' हे वाक्य ऐकलं की मला धसका बसतो.

आता घरची गोष्ट. माझ्या आईचे गुडघे दुखायचे. मीच तिला एका ठिकाणी सुयांसाठी नेत होते, तेव्हा पूल झाला नव्हता, फाटकाशी पंधरा-पंधरा मिनिटं थांबून. दहा वेळा जाऊन आल्यावर ती जिना धरून का होईना, चढायला लागली. मला खरंच बरं वाटलं. मग तिथल्या माणसाने तिला सांगितलं, आता बीपीच्या गोळ्या हळूहळू बंद करा, सुयांनीच होईल. आईने मला न सांगता बंद केल्या. तीन आठवड्यांनी सकाळी चक्कर येऊन ओट्याजवळ बसली, मोजलं तर बीपी १९० च्या वर. वेळेवर दवाखान्यात पोचलो म्हणून निभावलं. राग त्या माणसाचा आलाच, पण माझाही आला. मी फक्त गुडघ्यांची चौकशी करत होते.

म्हणून जायचंच असेल तर एवढं पाहा. दुखण्याचं निदान आधी डॉक्टरांकडून झालेलं हवं. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी वेगळा कायदा आहे, परिषद आहे, तेव्हा नोंदणी आहे का हे विचारायला लाजू नका. सुयांचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे आणि वापरलेल्या सुया टाकून दिल्या पाहिजेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा गरोदरपण असेल तर आधीच सांगा. छातीजवळ खोल सुई गेली तर फुप्फुसाला इजा होऊ शकते, क्वचित होते, पण होते. आणि मधुमेह, बीपी, थायरॉईड, फिट्स यांची औषधं बंद करा म्हणणारा कुणीही असो, तिथून उठून या.

सहलीला चिखलदऱ्याचा घाट लागला की मुलांना उलट्या होतात. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं कोपराकडे, दोन शिरांच्या मध्ये एक बिंदू आहे. तो अंगठ्याने दाबून धरायला सांगते मी. शस्त्रक्रियेनंतरच्या मळमळीवर त्याचा उपयोग दिसला आहे, बसच्या मळमळीवर पुरावा कच्चाच आहे. पण दाबायला पैसे पडत नाहीत, इजा नाही, आणि पोरगं तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत गप्प बसतं. प्लास्टिकची पिशवी मात्र जवळ ठेवतेच.

त्या आईला मी म्हटलं, सुयांचं नंतर बघू, आधी पोरीचे डोळे तपासा, ती फळ्यावरचं वाचताना डोळे बारीक करते. मागच्या सोमवारी ती चष्मा लावून वर्गात आली. डोकं अजून अधूनमधून दुखतं म्हणाली. झोपते किती वाजता, हे आता विचारायचं आहे.