वैमानिकाची वही आणि थानाचा शिक्का

कापडाच्या पेठेत आमची तीस वर्षे गेली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली. थानावर २० मीटरचा शिक्का आहे आणि आत साडेएकोणीस मीटर निघाले, तर नुकसान अर्ध्या मीटरचे होत नाही, शिक्क्याचे होते. पुढे तेच गिऱ्हाईक तुमचे प्रत्येक थान उलगडून मोजायला लावते. आणि त्याचे पाहून शेजारचे गिऱ्हाईकही.

ही गोष्ट आज लिहिण्याचे कारण मात्र कापड नाही, विमान आहे. व्यापाराच्या पानावर विमान कशाला, असे वाचकांना वाटेल. पण आपल्या खानदेशात हा विषय आता लांबचा राहिलेला नाही. तापीपलीकडे शिरपूरजवळ तांडे येथे धावपट्टी आहे आणि तिथे वैमानिक घडविणारी संस्था आहे. १९२८ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबने धुळ्याच्या गोंदूर विमानतळावर मुलांना शिकविले. २०२१ साली विमानतळ प्राधिकरणाने देशातील ज्या पाच विमानतळांवर नव्या प्रशिक्षण संस्थांना जागा देण्याचे ठरविले, त्यांत जळगावचे नाव होते. साहजिकच आपल्या कारागिरांच्या घरातली मुलेही आता या वाटेला लागली आहेत. खर्च पन्नास लाखांच्या घरात जातो. म्हणजे बापाचे दुकान, आईचे सोने आणि नातेवाइकांची उधारी, सारे एका परवान्यात अडकते. एवढे भांडवल ज्या वहीवर उभे असते, ती वही कशी असते, हे बापांनाही माहीत असले पाहिजे.

आमच्या ओळखीचे एक शिलाईवाले आहेत. शाळांचे गणवेश शिवतात, कापड आमच्याकडून नेतात. त्यांच्या मुलाने कमर्शियल पायलटचे लायसन काढले. लगेच नोकरी मिळाली नाही, म्हणून तो एका प्रशिक्षण संस्थेत असिस्टंट इन्स्ट्रक्टर झाला. दीड-दोन वर्षे त्याने पोरांना उडायला शिकविले. मग एका विमान कंपनीची जाहिरात निघाली. अट होती एकूण ५०० तासांच्या उड्डाणाची. मुलगा एका संध्याकाळी आपली वही घेऊन दुकानात आला. म्हणाला, "चाचा, तुमचा आकड्यांचा हात आहे. एकदा बेरीज पाहून द्या." शेवटच्या पानावर बेरीज होती ५०७ तास.

वही कशाची असते?

वैमानिकाच्या वहीला लॉगबुक म्हणतात. आपल्या रोजमेळासारखीच ती असते. तारीख, विमानाचा प्रकार, त्याचा नोंदणी क्रमांक, कुठून कुठे, किती वेळ, आणि तो वेळ कोणत्या नात्याने उडविला, असे रकाने असतात. नोंद शाईनेच करायची, असा नियम आहे. विमान उड्डाणासाठी स्वतःच्या बळावर हलले तेव्हापासून ते परत येऊन थांबेपर्यंतचा वेळ धरतात.

लायसनसाठी नुसते २०० तास भरून चालत नाही. त्यातले १०० तास स्वतः कमांडर म्हणून हवेत. किमान ३०० नॉटिकल मैलांचा एक प्रवास दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून केलेला हवा. १० तास नुसत्या यंत्रांकडे पाहून उडविलेले हवेत. रात्रीचे ५ तास हवेत आणि त्यात दहादा चढणे-उतरणे झालेले हवे. पुढे मोठ्या विमानाचा कॅप्टन व्हायचे तर जे लायसन लागते त्याला १५०० तास लागतात. म्हणजे तास हाच या धंद्यातला माल आहे, आणि तो एकाच जातीचा नाही. सुती वेगळे, टेरिकॉट वेगळे, तसे कमांडचे तास वेगळे, शिकाऊ तास वेगळे. जमिनीवरच्या सिम्युलेटरवर घालविलेले तास तर वेगळ्याच रकान्यात.

यात सर्वात महत्त्वाची गोष्ट आम्हाला त्या मुलाने समजावून दिली, आणि ती ऐकून आम्ही खूष झालो. शिकविणारा आणि शिकणारा एका विमानात एक तास उडाले, तर शिकविणारा तो तास कमांडर म्हणून लिहितो, शिकणारा तोच तास 'ड्युअल' म्हणून लिहितो. दोघांनी एकाच तासाला कमांड लिहिली, तर एक वही खोटी. आपल्याकडे एकाच्या खात्यावर नावे तर दुसऱ्याच्या खात्यावर जमा, तसेच हे. मुलगा एकटा उडाला तर मात्र कमांडचा तास त्याचा, इन्स्ट्रक्टरच्या वहीत त्याचे काही येत नाही.

आणि वही एकटी नसते. विमानाची स्वतःची वही असते, संस्थेचे उड्डाणाच्या परवानगीचे रजिस्टर असते, पेट्रोलचा हिशेब असतो, जिथे टॉवर आहे तिथे टॉवरची नोंद असते. पूर्वी आपला ट्रक निघाला की चलन एकीकडे, जकात नाक्याची पावती दुसरीकडे, आणि दोन्हींचा मेळ बसला नाही की माल अडकायचा, तसेच. आता तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, ज्याला सारे डीजीसीए म्हणतात, संगणकावरची वही आणली आहे. मुलाने भरलेली नोंद संस्थेने तपासून मान्य करायची असते.

इन्स्ट्रक्टरच्या सहीची किंमत

इन्स्ट्रक्टर म्हणजे नोकरी मिळेपर्यंत वेळ काढणारा पोरगा, असे पुष्कळांना वाटते. तसे ते नाही. आपल्या देशात त्याचे दोन दर्जे आहेत. असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर हा वरच्या इन्स्ट्रक्टरच्या देखरेखीखाली शिकवितो. फ्लाइट इन्स्ट्रक्टर हा पूर्ण दर्जाचा. विमान कंपनीच्या अर्जात असिस्टंट असताना नुसते 'इन्स्ट्रक्टर' लिहिणे म्हणजे मिश्र धाग्याचे कापड शुद्ध सुती म्हणून विकणे. दर्जा, तो मिळाल्याची तारीख, त्याची मुदत आणि शिकविण्यात गेलेले तास, हे सारे वेगवेगळे आणि जसे आहे तसे लिहावे लागते. अमेरिकेत २०१३ पासून सहवैमानिक होण्यासही साधारणपणे १५०० तास लागतात, म्हणून तिथली मुले इन्स्ट्रक्टरी करूनच तास जमवितात. आपल्याकडे लायसनपुरते २०० तास पुरतात, पण जागा थोड्या आणि उमेदवार फार, तेव्हा शिकविण्याचे तास कामाला येतात.

इन्स्ट्रक्टरची सही दुसऱ्याच्या वहीवरही पडते. त्याने आळसाने सही केली तर एका वहीतला खोटेपणा दहा वह्यांत पसरतो. आणि हे काम केवळ कागदाचे नाही. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरहून निघालेले प्रशिक्षणाचे विमान चोपडा तालुक्यात वर्डीजवळ सातपुड्यात कोसळले. इन्स्ट्रक्टर जागीच गेले, शिकणारी मुलगी जखमी झाली. वाडीतली आदिवासी माणसे धावली. एका बाईने आपली साडी दिली, तिची झोळी करून त्या मुलीला डोंगरातून खाली आणले, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. आम्ही आयुष्यभर साड्या विकल्या, पण कापडाचे याहून मोठे मोल आम्ही ऐकले नाही. पोराला आकाशात नेणाऱ्या माणसाच्या अंगावर किती भार असतो, हे त्या दिवशी खानदेशाला कळले.

पार्कर पेनचे तास

वैमानिकांत 'पार्कर पेनचे तास' असा एक शब्द आहे. न उडता नुसते पेनाने लिहिलेले तास, असा त्याचा अर्थ. आपल्या देशात २०११ साली हे प्रकरण चव्हाट्यावर आले. गोव्यात एक विमान चुकीच्या रीतीने उतरविले गेले, त्या वैमानिकाची चौकशी झाली आणि लायसनसाठी दिलेली गुणपत्रिकाच बनावट निघाली. मग देशभर परवाने तपासले जाऊ लागले. त्याच वर्षी जयपूरच्या सरकारी विमान-शाळेत न उडताच तास लिहून दिल्याबद्दल राजस्थानच्या लाचलुचपत प्रतिबंधक खात्याने गुन्हा नोंदविला.

शेजारच्या देशाचा दाखला तर व्यापाऱ्याने मुद्दाम लक्षात ठेवावा. मे २०२० मध्ये कराचीत प्रवासी विमान कोसळले. पुढच्याच महिन्यात पाकिस्तानच्या विमान वाहतूक मंत्र्यांनी संसदेत सांगितले की ८६० वैमानिकांपैकी २६२ जणांचे परवाने संशयास्पद आहेत. पुढे छाननीत त्यातले पुष्कळजण निर्दोष ठरले. पण तोवर युरोपने त्यांच्या सरकारी कंपनीला दार बंद केले होते. ते जुलै २०२० मध्ये बंद झाले ते नोव्हेंबर २०२४ अखेर उघडले. काहींची खोट आणि साऱ्या पेठेला कुलूप. ज्यांच्या वह्या स्वच्छ होत्या, तेही घरी बसले.

अकरा तासांची गाठ

आता त्या मुलाच्या वहीकडे येऊ. आम्ही आठ दिवस रोज दुकान बंद केल्यावर पान न् पान पाहिले. त्याची पहिली संस्था वेळ तास-मिनिटांत लिहीत असे. दुसरीकडे विमानातल्या मीटरवर तासाचे दहा भाग येत. म्हणजे मीटरचा १.३ हा एक तास तीस मिनिटे नव्हे, एक तास अठरा मिनिटे. मुलाने .६ ते .९ चे आकडे बरोबर बदलले होते, कारण ७० किंवा ८० मिनिटे डोळ्याला खुपतात. पण .१ ते .५ चे आकडे बेरजेत तसेच घुसले होते. .३ चे तीस झाले, .५ चे पन्नास. कुठे चार मिनिटे जादा, कुठे वीस. अशा ५५ नोंदी निघाल्या आणि जादा धरलेला वेळ भरला बरोबर ११ तास. खरी बेरीज ४९६. अटीला ४ तास कमी, आणि अर्जाला दहा दिवस बाकी.

मुलगा गप्प झाला. त्याच्या एका सोबत्याने सल्ला दिला, "चार तासांसाठी कोण वही उघडतो? बेरीज आहे तशी राहू दे. तू काही मुद्दाम केलेले नाहीस." बापही आमच्याकडे बघू लागले. त्यांच्या डोळ्यांत विकलेला प्लॉट दिसत होता.

आम्ही उपदेश करू शकलो नाही, कारण आम्ही धुतल्या तांदळासारखे नव्हतो. तरुणपणी एका शाळेच्या गणवेशासाठी कापड दिले, तेव्हा थाने भरत नाहीत हे आम्हाला माहीत होते. माल घाईचा होता, आम्ही शिक्क्यावर विसंबून पाठविला. शिक्का गिरणीचा होता, पाप आमचे नाही, अशी मनाची समजूत घातली. ते गिऱ्हाईक परत आले नाही. तेवढेच आम्ही मुलाला सांगितले आणि म्हणालो, "बेटा, काल ती चूक होती. आज तुला ठाऊक आहे. आजपासून तिचे नाव वेगळे."

त्याने खाडाखोड केली नाही, पांढरी शाई लावली नाही. चुकीच्या बेरजेवर एकच रेघ मारली, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी खरी बेरीज, कारण, तारीख आणि सही. संस्थेच्या प्रमुखांना दाखवून त्यांचीही सही घेतली. मग चार तास उडून भरायचे ठरविले. पण दिवस आषाढाचे. ढग खाली आले, एक विमान दुरुस्तीत होते. दहा दिवसांत अडीच तासच मिळाले. अर्ज गेला नाही.

ती संधी हुकली, हे आम्ही लपवीत नाही. खरे वागले की लगेच बक्षीस मिळते, असे लिहिणे आम्हाला जमणार नाही. बापाने आठ महिने व्याजासारखी चिंता भरली. पुढच्या जाहिरातीला तास पुरेसे होते. तिथे लेखी परीक्षेत तो थोडक्यात राहिला. त्यानंतरच्या कंपनीत मुलाखत घेणाऱ्याने वही चाळता चाळता नेमके रेघ मारलेले पान उघडले आणि विचारले, "हे काय?" मुलाने ५५ नोंदींची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. त्यांनी तिथल्या तिथे तीन नोंदी कागदावर मोजून पाहिल्या, जुळल्या, आणि पान उलटले. आज तो मोठ्या विमानाचे प्रशिक्षण घेतो आहे.

ज्या बांधवांची मुले या वाटेवर आहेत त्यांना आमचे इतकेच सांगणे. फी भरण्याआधी संस्थेला डीजीसीएची मान्यता आहे का, विमाने किती चालू आहेत आणि पूर्ण दर्जाचे इन्स्ट्रक्टर किती आहेत, हे डोळ्यांनी पाहा. मुलाला सांगा, नोंद त्याच दिवशी लिही, एकाच रीतीने लिही, बेरीज दर महिन्याला दुसऱ्याकडून तपासून घे. कोणी 'तास लिहून देतो' म्हटले तर त्या दारातून परत फिरा. वहीची छायाप्रत घरी ठेवा. आणि तुम्हाला विमानातले काही कळत नसले तरी मुलाजवळ बसून एकदा ती वही पाहा. बेरीज तर आपल्याला येते.

शिलाईवाल्यांनी परवा गणवेशाचे कापड नेले. जाताना एक थान उलगडून गजाने मोजायला लागले. आम्ही हसलो, तेही हसले. २० मीटर भरले.