प्रवासी वाहतुकीची मुक्त आज्ञावली आणि तिची मालकी : अहिल्यानगर जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

दि. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याच्या परिवहन सेवेची पहिली मोटारगाडी धावली. त्यानंतर तीन वर्षांच्या आत, १९५०-५१ च्या गळीत हंगामात, याच जिल्ह्यात प्रवरा कालव्यांच्या परिसरात लोणी येथे शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. या दोन घटना वरवर पाहता परस्परांशी असंबद्ध वाटतात. परंतु दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न होता. ज्या साधनावर अनेकांची उपजीविका अवलंबून असते, ते साधन कोणाच्या मालकीचे असावे? एका प्रसंगी ते शासनाच्या हाती आले, दुसऱ्या प्रसंगी उत्पादकांच्या.

आज हाच प्रश्न एका अदृश्य साधनाविषयी उपस्थित झाला आहे. प्रवासी आणि वाहनचालक यांची गाठ घालून देणारे मोबाइलवरील अॅप हे ते साधन होय. व्यापारी कंपन्यांच्या अॅपला पर्याय म्हणून मुक्त आणि विकेंद्रित व्यवस्थांचे जे प्रयोग भारतात व अन्यत्र झाले, त्यांचे स्वरूप येथे स्पष्ट करावयाचे आहे. तसेच अहिल्यानगरसारख्या विस्तीर्ण व विरळ वस्तीच्या जिल्ह्यात त्यांचा उपयोग कितपत होईल, याचाही विचार करावयाचा आहे.

व्यापारी अॅपचे कार्य

उबर ही कंपनी २००९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन झाली व २०१३ मध्ये तिने भारतात प्रवेश केला. ओला ही भारतीय कंपनी २०१० ची. या कंपन्यांच्या अॅपची कार्ये मुख्यतः तीन आहेत. जवळचे वाहन शोधून देणे हे पहिले, भाडे ठरविणे हे दुसरे, आणि परस्परांना अनोळखी असलेल्या दोन व्यक्तींमध्ये विश्वास निर्माण करणे हे तिसरे. या तीनही कार्यांचे गणित कंपनीच्या संगणकांवर चालते आणि ते चालकास वा प्रवाशास पाहता येत नाही. कोणत्या चालकास कोणते भाडे दिले गेले व का दिले गेले, हे कंपनीच जाणते.

चालक अधिक असतील तेथे प्रवासी येतात व प्रवासी अधिक असतील तेथे चालक येतात, हा या धंद्याचा स्वभावच आहे. त्यामुळे आरंभी सवलती देऊन ज्याने जम बसविला, त्याच्याकडेच दोन्ही बाजू ओढल्या जातात. चालकाने वर्षानुवर्षे मिळविलेले तारांकन दुसऱ्या अॅपवर नेता येत नाही. कंपनी सोडणे म्हणजे आपली पत सोडून जाणे ठरते.

कायद्याने या बाबीकडे दुर्लक्ष केले आहे असे नाही. २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने अशा मध्यस्थांना प्रथमच व्याख्येत आणले. केंद्र शासनाच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भाड्याच्या किमान ८० टक्के रक्कम चालकास मिळावी असे सांगितले व गर्दीच्या वेळची वाढ मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत मर्यादित केली. २०२५ च्या सुधारित तत्त्वांनी ही मर्यादा दुपटीपर्यंत नेली. परंतु हे सर्व नियमन वाट्याचे आहे. ज्या गणिताने वाटा मोजला जातो, ते गणित झाकलेलेच राहते.

तीन कल्पनांतील भेद

पर्यायांची चर्चा करताना तीन भिन्न कल्पनांची गल्लत होते. आज्ञावली मुक्त असणे, जाळे विकेंद्रित असणे आणि संस्था सहकारी मालकीची असणे, या त्या तीन कल्पना होत.

मुक्त आज्ञावली म्हणजे जिचा मूळ मजकूर कोणासही वाचता, तपासता, बदलता व वापरता येतो अशी संगणकीय आज्ञावली. बंगळूर येथे नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरू झालेले 'नम्म यात्री' हे अॅप याचे भारतातील ठळक उदाहरण होय. जसपे या कंपनीने तेथील रिक्षाचालक संघटनेच्या सहभागाने ते उभे केले व त्याची आज्ञावली जाहीर रीतीने खुली ठेवली. प्रत्येक भाड्यावर दलाली न घेता २०२३ पासून चालकाकडून दिवसाला २५ रुपये एवढी ठराविक वर्गणी घेण्याची पद्धत तिने आणली. २०२५ मध्ये उबरनेही रिक्षांसाठी दलाली सोडून वर्गणीची पद्धत स्वीकारली. पर्याय अस्तित्वात असणे एवढ्यानेही बाजाराचे नियम बदलतात, हे यावरून दिसते.

विकेंद्रित जाळ्याची कल्पना टपालाच्या उदाहरणाने समजते. एका देशात टाकलेले पत्र दुसऱ्या देशात पोहोचते, कारण दोन्ही टपालखात्यांनी सामाईक नियम मान्य केलेले असतात. 'बेकन' हा प्रोटोकॉल वाहतुकीसह अनेक व्यवहारांसाठी असेच सामाईक नियम घालून देतो. प्रवाशाचे अॅप एका संस्थेचे व चालकाचे अॅप दुसऱ्या संस्थेचे असले तरी चालते. प्रवाशाची मागणी जाळ्यावर जाते, निरनिराळ्या पुरवठादारांची उत्तरे येतात, त्यांपैकी एक निवडून व्यवहार पक्का होतो. मधली नोंदवही कोण सहभागी आहे एवढेच सांगते व प्रत्येक संदेशावरील अंकीय स्वाक्षरीने त्याची सत्यता पटते. डिसेंबर २०२१ मध्ये नोंदलेल्या ओएनडीसी या ना-नफा कंपनीचे जाळे याच प्रोटोकॉलवर उभे आहे. कोचीतील 'यात्री' व बंगळूरचे 'नम्म यात्री' हे त्याचे वाहतूक क्षेत्रातील प्रारंभीचे उपयोग होत.

याहून टोकाचा प्रयोग 'लिब्रेटॅक्सी' या आज्ञावलीचा. तीत कंपनी नाही, वर्गणी नाही. प्रवासी व चालक टेलिग्रामवर परस्पर भाडे ठरवितात व रोख देतात. परंतु चालकाची पडताळणी आणि तक्रारीची जबाबदारी घेणारेही तेथे कोणी नाही. रात्री एकट्याने प्रवास करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने ही उणीव लहान नव्हे. मध्यस्थ नाहीसा केला म्हणजे मध्यस्थाची कामे नाहीशी होत नाहीत.

तिसरी कल्पना मालकीची. न्यूयॉर्क येथे २०२१ मध्ये चालकांच्या सहकारी संस्थेने आपले अॅप सुरू केले. भारतात इफको, अमूल आदी सहकारी संस्थांच्या पुढाकाराने सहकार टॅक्सी ही बहुराज्यीय सहकारी संस्था जून २०२५ मध्ये नोंदली गेली आणि वर्षाअखेरीस दिल्लीत 'भारत टॅक्सी' या नावाने तिची प्राथमिक सेवा सुरू झाली. महाराष्ट्रातही २०२५ मध्ये परिवहन मंत्र्यांनी एस.टी. महामंडळामार्फत असे अॅप चालविण्याची योजना जाहीर केली.

या प्रयत्नांबरोबर एक अपयशही ध्यानात ठेवणे इष्ट आहे. अमेरिकेतील ऑस्टिन शहरात २०१६ मध्ये स्थानिक नियमांवरून उबर व लिफ्ट या कंपन्यांनी सेवा बंद केली, तेव्हा 'राइड ऑस्टिन' ही ना-नफा संस्था उभी राहिली व तिने चांगला जम बसविला. २०१७ मध्ये राज्याच्या नव्या कायद्यामुळे त्या कंपन्या परतल्या. संस्थेचा व्यवसाय घटत गेला व २०२० मध्ये ती बंद पडली. हेतू शुद्ध असणे हे टिकून राहण्याचे साधन नव्हे.

जिल्ह्याची परिस्थिती

अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा. त्याचे क्षेत्र सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर, तालुके १४ व २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे ४५ लाख. बंगळुरात मिनिटामिनिटाला भाडे मिळते. अकोले किंवा जामखेड तालुक्यातील वस्तीवर दिवसात दोनच भाडी असू शकतात. दाट शहरासाठी घडविलेली आज्ञावली येथे जशीच्या तशी लागू पडणार नाही.

येथील वाहतुकीची स्वतःची रीत आहे. काळी-पिवळी जीप वा शेअर रिक्षा स्टँडवर नंबराने लागते, सीटा भरल्यावर निघते व परतीच्या सीटांची वाट पाहते. प्रवासी संपूर्ण वाहन नव्हे, एक सीट घेतो. याउलट शिर्डीची वाहतूक यात्रेकरूंची आहे. साईनगर शिर्डी स्थानकावर आणि २०१७ मध्ये काकडी येथे सुरू झालेल्या विमानतळावर उतरणारा प्रवासी परप्रांतीय असतो, त्याला शनिशिंगणापूरला जाऊन यावयाचे असते व येथील भाड्याचा त्याला अंदाज नसतो. पहिल्या ठिकाणी अडचण रिकाम्या फेरीची, दुसऱ्या ठिकाणी विश्वासाची.

मुक्त आज्ञावलीचे खरे मोल या ठिकाणी कळते. स्टँडचा नंबर सांभाळणारी, सीटवार आरक्षण घेणारी, परतीच्या फेरीची आगाऊ जाहिरात करणारी आज्ञावली एका तालुक्यासाठी कोणतीही मोठी कंपनी घडविणार नाही. मूळ मजकूर खुला असेल तर जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थीही तो बदल करू शकतील. नकाशाचेही तेच. २००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशात कोणालाही भर घालता येते. गावाचे नाव नकाशावर असते, परंतु प्रवाशाला उतरावयाचे असते मळ्यात किंवा वस्तीवर. ती नावे तेथील लोकच घालू शकतात. आणि जाळे सामाईक असेल, तर बंगळूरच्या यात्रेकरूला नवे अॅप न घेता आपल्याच अॅपवरून राहात्यातील चालकाचे वाहन ठरविता येईल.

काट्याचा प्रश्न

मग केवळ मुक्त आज्ञावलीने भागेल काय? या ठिकाणी जिल्ह्याचा पूर्वानुभव मार्गदर्शक ठरतो. विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेचा कारखाना उभा केला, तेव्हा साखर तयार करण्याची यंत्रविद्या गुप्त नव्हती. खाजगी कारखाने जिल्ह्यात आधीपासून होतेच. नवे होते ते एवढेच की, ऊस घालणारा हाच कारखान्याचा भागधारक झाला. यंत्रविद्या खुली असल्याने शेतकऱ्याचे हित आपोआप साधले नव्हते. तद्वत आज्ञावली खुली असली, तरी ती चालविणारे संगणक, वर्गणीचा दर व चालकांची नोंदवही ज्याच्या हाती, त्याच्याच हाती सत्ता राहते. आज अल्प असलेली वर्गणी उद्या वाढविण्याचा अधिकार चालकांकडे नसेल, तर मुक्ततेचा लाभ त्यांना उधारीवरच मिळाला असे म्हणावे लागेल.

परंतु याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. कारखाना सहकारी झाला म्हणून उसाच्या वजनकाट्याविषयीचा संशय संपला नाही. सहकारी कारखान्यांचे काटेही तपासण्यासाठी आजही भरारी पथके नेमावी लागतात. मालकी सभासदांची असूनही मोजमाप सभासदाला दिसत नसेल, तर त्याचे स्थान नाममात्र राहते. चालकांच्या संस्थेतही गट पडतील, पदाधिकारी आपल्या माणसांना चांगली भाडी देतील, स्टँडवरील जुने चालक नव्यांना नंबर मिळू देणार नाहीत, ही शक्यता नाकारता येत नाही. अॅपमधील भाडेवाटपाचे गणित हा या धंद्यातील वजनकाटा होय. ते खुले असेल तर प्रत्येक सभासदाला, निदान त्याने नेमलेल्या जाणकाराला, ते तपासता येईल.

यास्तव मुक्त आज्ञावली व सहकारी मालकी हे परस्परांचे पर्याय नसून परस्परांचे पूरक आहेत. पहिलीमुळे काटा दिसतो, दुसरीमुळे तो दुरुस्त करण्याचा अधिकार मिळतो. सामाईक जाळे या दोहोंना बाहेरच्या प्रवाशापर्यंत पोहोचविते. याशिवाय संगणकांचा खर्च, तक्रारनिवारणाचा दूरध्वनी, चालकांची पडताळणी व आज्ञावलीची सततची दुरुस्ती यांसाठी दरमहा पैसा लागतो, आणि तो प्रत्येक फेरीमागे किती बसेल याचा हिशोब आरंभीच मांडला पाहिजे. तो न मांडणाऱ्या संस्थेचा शेवट ऑस्टिनप्रमाणे होण्याचा धोका आहे.

या विषयात अभ्यासकांना करण्याजोगे काम पुष्कळ आहे. एखाद्या तालुक्याच्या स्टँडवरील एका आठवड्यातील फेऱ्या, भरलेल्या सीटा आणि रिकामे अंतर यांची साधी नोंद केली, तरी कोणत्या प्रकारची आज्ञावली येथे उपयुक्त ठरेल याचे उत्तर अनुमानाऐवजी आकड्यांनी देता येईल. आज्ञावली बंगळुरात लिहिली गेली तरी चालेल. तिच्यात कशाचे माप घ्यावयाचे हे मात्र नगर जिल्ह्यातील स्टँडवर उभे राहूनच ठरवावे लागेल.