पित्ताशय काढल्यावर खांदा का दुखतो?

पोटावर लहान छिद्रे पाडून दुर्बिणीद्वारे पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी प्रथम केली. या शस्त्रक्रियेत पोट फुगवण्यासाठी भरलेला कार्बन डायऑक्साइड वायू श्वासपटलाला, म्हणजे छाती व पोट यांमधील स्नायूंच्या पडद्याला, चेतवतो आणि त्या पडद्याचा मज्जातंतू मानेतून निघत असल्याने वेदना खांद्यात, बहुधा उजव्या, जाणवते. ती सहसा दोन-तीन दिवसांत ओसरते. भंडारा जिल्ह्यात धानाच्या रोवणीसाठी दिवसभर वाकणाऱ्या स्त्रियांना मात्र या शस्त्रक्रियेनंतर आतील जखमा भरेपर्यंत काही आठवडे कष्टाच्या कामातून सुटका मिळायलाच हवी, आणि पोटदुखी वाढत गेल्यास, ताप वा कावीळ दिसल्यास, पित्तगळतीची शक्यता लक्षात घेऊन त्यांना तातडीने रुग्णालयात नेणे अत्यावश्यक असते.