भूसंपादनाची वकिली

सरकारला जमीन घेऊ न देणारा वकील आपल्या डोळ्यांसमोर असतो. प्रत्यक्षात या वकिलीत हयात जाते ती मोबदला वाढवून मागण्यात. 2013 च्या कायद्याने मोबदल्यावर 100 टक्के दिलासा रक्कम मिळते. पण मूळ भावच कमी धरला, तर तीही कमीच. पैसे ‘अंडर प्रोटेस्ट’, म्हणजे निषेध नोंदवून घेतले नाहीत, तर कलम 64 खाली अर्जच करता येत नाही. निवाड्याला हजर असणाऱ्यांना मुदत अवघी सहा आठवडे! (महामार्गाचा कायदा वेगळा, तिथे लवाद.)

आम्हांला जास्त खुपते ते घरातले. सूरह निसाने मुलीचा वाटा ठरवून दिला, तरी अब्बांच्या पश्चात सातबाऱ्यावर अनेकदा भावांचीच नावे चढतात. मग नोटीस भावांना, चेकही भावांनाच. अशा बहिणीच्या वकिलाला सरकारच्या आधी तिच्या भावासमोर उभे राहावे लागते.