जुनं सॉफ्टवेअर, नवं उबुंटू आणि पॅकेजेसचं भांडण

टर्मिनलवर ‘अनमेट डिपेंडन्सीज’ असा मेसेज आला की पहिला विचार येतो, फॉरमॅट मारून टाकू. जरा थांबा. बहुतेक वेळा सिस्टिम बिघडलेली नसते. तिच्याकडे दोन मागण्या आलेल्या असतात आणि दोन्ही एकदम पुरवता येत नाहीत, एवढंच.

एक खरं उदाहरण घेऊ. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. तिचा जुना डेटा ऑनलाइन संग्रहातून मिळतो, त्यामुळे आपल्या संभाजीनगरात बसूनही त्यावर काम करता येतं. या डेटापासून आकाशाची प्रतिमा बनवायला ‘स्पॅम’ नावाचं सॉफ्टवेअर बरेच जण वापरत आलेत. ईमेलमधल्या स्पॅमशी त्याचा काही संबंध नाही! ते पायथन २.७ साठी लिहिलेलं आहे. पायथन २ चा सपोर्ट १ जानेवारी २०२० ला संपला आणि उबुंटू २४.०४ च्या रेपॉझिटरीत ते मिळतच नाही. पायथन २.७ वर नमपाय १.१६ च्या पुढे जाता येत नाही, तर जून २०२४ पासून नमपाय २ आलंय आणि काही नव्या पॅकेजेसना तेच लागतं.

होस्टेलच्या मेसमध्ये कढई एकच असते. एकाला भाजी तिखट हवी, दुसऱ्याला अळणी. एका पायथनमध्येही नमपायचं एकच व्हर्जन नांदतं.

मग करायचं काय?

१. मेसेज शेवटपर्यंत वाचा. ‘डिपेंड्स’ या शब्दापुढे कोणतं व्हर्जन हवंय आणि कोणतं बसणार आहे, ते लिहिलेलं असतं.

२. ‘आप्ट-कॅश पॉलिसी’ आणि पुढे पॅकेजचं नाव द्या. ते कुठून येतंय ते कळेल. बऱ्याचदा कधीतरी जोडलेली एखादी पीपीए सापडते. ‘आप्ट-मार्क शोहोल्ड’ने अडवून ठेवलेली पॅकेजेस दिसतात.

३. ‘आप्ट-गेट’ला ‘हायफन एस’ जोडून रंगीत तालीम करा. काढून टाकायच्या यादीत पायथन ३ किंवा डेस्कटॉप दिसला, तर खऱ्या वेळी ‘वाय’ दाबू नका. उबुंटूची स्वतःची बरीच साधनं पायथन ३ वरच चालतात.

४. दोघांना वेगळ्या खोल्या द्या. फक्त पायथनची पॅकेजेस भांडत असतील तर ‘व्हेन्व’ पुरे. पायथनच जुनं हवं असेल तर कॉन्डा. सिस्टिमच्या लायब्ररीही जुन्या लागत असतील तर कंटेनर.

आणि वापरलेल्या व्हर्जन्सची यादी फाइलमध्ये लिहून डेटासोबत ठेवा. थीसिसच्या वेळी परीक्षक म्हणाले, “ही प्रतिमा पुन्हा काढून दाखवा”, तर नुसता डेटा असून भागणार नाही. तो ज्यावर चालला ते सॉफ्टवेअरही पुन्हा उभं करता आलं पाहिजे.